टेबलावरची रायफल: डॅलसजवळच्या गन शोमधला एक सौदा

गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, सरकारी परवाना असलेल्या विक्रेत्याकडून बंदूक घेणं परवडतं का? टेक्सासमधल्या मराठी घरांत हा प्रश्न अधूनमधून निघतो आणि उत्तरं ठरलेली असतात. एक जण छातीठोकपणे सांगतो की तिथे सगळं स्वस्त, शिवाय कागदपत्रांची भानगड नाही. दुसरा म्हणतो, तिकडे फिरकूसुद्धा नका. बहुतेक वेळा दोघांनीही तिथल्या टेबलासमोर उभं राहून कधी पैसे मोजलेले नसतात. म्हणून एकाच खरेदीचं प्रकरण इथे सविस्तर मांडतो. मी सोबत होतो, विकत घेणारा मी नव्हतो. नावं गाळली आहेत, रकमा डॉलरमध्ये आहेत.

गिऱ्हाईक आणि गरज

आमचे स्नेही पन्नाशीतले, मूळचे कोल्हापूरचे. आयटीत नोकरी, डॅलसच्या उत्तरेला उपनगरात घर, हातात ग्रीन कार्ड. कॉलेजात एनसीसीला असताना .22 डिलक्स रायफलने पालथं पडून नेमबाजी केलेली, तेवढाच बंदुकीशी संबंध. पुढे तीस वर्षं काही नाही. मग ऑगस्ट 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं आणि आमच्या स्नेह्यांच्या अंगात कोल्हापूर संचारलं. त्या प्रकारात वापरतात ते काडतूस .22 लाँग रायफल, म्हणजे एनसीसीत त्यांनी झाडलं तेच. जवळच्या रेंजवर भाड्याची रायफल घेऊन काही महिने सराव झाला, तेव्हा स्वतःची हवी असं ठरलं.

गरज नेमकी होती, आणि या प्रकरणात तेच महत्त्वाचं. घराच्या रक्षणासाठी काहीतरी, अशी मोघम मागणी नव्हती. बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची), .22, जड नळी, कागदावरच्या लक्ष्यासाठी. बजेट सगळं धरून सातशेच्या आत. गन शोला गेल्यावर ज्यांचे पैसे वाया जातात त्यांची यादी केली तर वर नावं असतील ती 'बघू काय मिळतंय ते' म्हणून गेलेल्यांची.

वहिनींची अट वेगळी होती. घरात बारा वर्षांचा मुलगा. "आणायची ती आणा, पण ती राहणार कुठे ते आधी दाखवा." टेक्सासच्या दंडसंहितेत 46.13 हे कलम आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती झाडण्याजोग्या स्थितीतली बंदूक लागेल अशी निष्काळजीने ठेवली, तर तो मोठ्या माणसाचा गुन्हा. वहिनींना कलम माहीत नव्हतं, पण मुद्दा तोच. रायफलीच्या आधी लोखंडी कपाट आलं, आणि ते बजेटच्या बाहेरचं धरलं गेलं.

तीन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे मोठं दुकान. तिथे झेक बनावटीची सीझेड 457 नवी, सहाशेच्या घरात. वर डॅलस भागातला 8.25 टक्के विक्रीकर, म्हणजे आणखी पन्नास. दुसरा रस्ता ऑनलाइन. तिथली किंमत थोडी कमी दिसते, पण बंदूक पोस्टाने घरी येत नाही. ती गावातल्या परवानाधारकाकडे येते, तो फॉर्म भरून घेतो, तपासणी करतो आणि ट्रान्सफरचे, म्हणजे बंदूक आपल्या हवाली करण्याचे, पंचवीस ते पन्नास लावतो. पाठवणी वेगळी. जे वाचलं ते तिथे गेलं. तिसरा रस्ता गन शो.

गन शोबद्दलचा मोठा गैरसमज इथेच काढून टाकतो. शोमध्ये टेबल मांडून बसलेला परवानाधारक विक्रेता आणि दुकानातला परवानाधारक विक्रेता यांना कायदा एकच. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टने परवानाधारकाला त्याच्या दुकानाच्या पत्त्याशी बांधून टाकलं होतं. 1986 च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टने स्वतःच्या राज्यातल्या शोमध्ये टेबल लावून विकण्याची मुभा कायद्यात आणली. मुभा जागेपुरती, सवलत नाही. खरेदीदाराने भरायचा तोच फॉर्म 4473, त्याची पार्श्वभूमी बघणारा तोच एफबीआयचा नीक्स तपास, जो 30 नोव्हेंबर 1998 पासून चालू आहे. फॉर्मवर फक्त एक जादा रकाना भरला जातो: शोचं नाव आणि ठिकाण.

ज्याला 'गन शोची पळवाट' म्हणतात ती त्याच हॉलमधल्या दुसऱ्या माणसांची. परवाना नसलेला खासगी माणूस स्वतःची बंदूक त्याच राज्यातल्या दुसऱ्या रहिवाशाला विकतो, तेव्हा केंद्रीय कायद्याने त्याच्यावर तपासणीची सक्ती नाही. काही राज्यांनी ती स्वतःहून घातली आहे, टेक्सासने नाही. कोलोरॅडोत 1999 साली कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारात वापरलेल्या चारपैकी तीन बंदुका एका गन शोमधून, खासगी विक्रेत्यांकडून आल्या होत्या. परवानाधारकांची टेबलं मुद्दाम टाळून. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2000 मध्ये, तिथल्या मतदारांनी शोमधल्या प्रत्येक विक्रीला तपासणी लावली. दुसऱ्या बाजूला न्याय खात्याच्या 2016 च्या कैद्यांच्या पाहणीत गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असलेल्यांपैकी जेमतेम 0.8 टक्के लोकांनी ती गन शोमधून घेतल्याचं सांगितलं. दोन्ही बाजू आपापला आकडा घेऊन भांडतात. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध एवढाच, की त्यांना हवा तो व्यवहार कागदावर होणारा होता.

हॉलमध्ये

शनिवारी सकाळी गेलो. तिकीट आणि पार्किंग मिळून पंचवीस गेले, म्हणजे काही घेण्याआधीच खर्चाचा श्रीगणेशा. दारात एक पोलिस आणि एक स्वयंसेवक आत येणारी प्रत्येक बंदूक रिकामी आहे का ते बघतात आणि तिच्यातून प्लॅस्टिकची पट्टी ओवून घट्ट बांधतात, म्हणजे ती झाडता येत नाही. आत गेल्यावर पहिली निराशा अशी की निम्मा हॉल बंदुकांचा नसतोच. सुकवलेलं मांस, सुऱ्या, जुनी नाणी, झेंडे, टी-शर्ट, फज. अमेरिकेतला सर्वांत मोठा शो म्हणून गाजलेला शेजारच्या ओक्लाहोमातल्या टल्साचा एक्स्पो स्क्वेअरमधला शो, चार हजारांच्या वर टेबलं, तिथे जुन्या बंदुकांच्या संग्राहकांची रांगच्या रांग असते म्हणतात. डॅलस परिसरातल्या महिन्या-दोन महिन्यांनी भरणाऱ्या शोंचा नूर वेगळा. इथे पुढच्या रांगांत नव्या पिस्तुलांचे ढीग आणि काळ्या एआर-15 रायफलींच्या ओळी.

नव्या मालाचं काय ते पहिल्या अर्ध्या तासात कळलं. एका मोठ्या टेबलावर तीच सीझेड 457 होती. दुकानापेक्षा वीस डॉलर कमी. विक्रीकर वेगळा. कार्डाने दिले तर तीन टक्के वर. कार्डाचे तीन टक्के धरले की वीसपैकी दोन-तीन उरले, आणि दारातच पंचवीस देऊन आलेलो. बदल्यात काय नव्हतं? परत करायची सोय नव्हती. टेबलाच्या कडेला छापील पाटी होती, सर्व विक्री अंतिम. पुण्यातल्या दुकानदारांनी तिथे शाखा काढली असावी असं वाटलं. नव्या रायफलला कंपनीची हमी असते हे खरं, पण काही अडलं तर ज्याच्याकडून घेतली त्याच्या काउंटरवर जाऊन उभं राहता येणं याला किंमत आहे, आणि हा विक्रेता सोमवारी भलत्याच गावात असणार.

माझं मत तिथेच पक्कं झालं. आजही चालू उत्पादनात असलेली, दुकानात मिळणारी नवी बंदूक गन शोच्या टेबलावर घेण्यात अर्थ नाही. विक्रेत्याला ती ज्या घाऊक दराने मिळते, त्याच दराने ती गावातल्या दुकानाला मिळते, आणि वर टेबलाचं भाडं, मोटेलची खोली, पेट्रोल त्याला त्यातूनच काढायचं असतं. तो स्वस्त देईल कसा? रविवारी दुपारी, माल परत गाडीत भरायचा कंटाळा आलेला असताना, थोडं सुटतं. पण तोवर उरलेला माल उरलेलाच असतो. चांगला जुना माल शुक्रवारी टेबलं लागतानाच विक्रेते आपापसांत उचलतात.

513टी

मागच्या रांगेत एका वयस्कर विक्रेत्याचं टेबल होतं. हिरवी बनात अंथरलेली, परवान्याची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात समोर ठेवलेली. त्याच्याकडे नवं काहीच नव्हतं. जुन्या .22 रायफलींची एक ओळ आणि तीत रेमिंग्टन 513टी.

ही 'मॅचमास्टर' म्हणून ओळखली जाणारी रायफल. 1940 च्या सुमारास निघाली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. सत्तावीस इंची जड नळी, सहा गोळ्यांचं मॅगझिन, मागे रेडफिल्ड कंपनीची, छिद्रातून नेम धरायची साइट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने प्रशिक्षणासाठी यांची मोठी खरेदी केली, त्यांच्यावर 'यूएस प्रॉपर्टी' असा ठसा असतो. या रायफलीवर तो होता. किंमत 625.

अशा वस्तूसाठी गन शोला काय किंमत आहे ते पुढच्या वीस मिनिटांत दिसलं. ऑनलाइन लिलावात तशाच रायफली येतात, सोबत बारा-पंधरा फोटो असतात. पण फोटोत नळीच्या आत बघता येत नाही. विक्रेत्याची परवानगी घेऊन बोल्ट मागे खेचला, बाहेर काढला, त्याने स्वतःहूनच छोटा बॅटरीचा दिवा दिला. .22 ची नळी गोळ्यांनी झिजत नाही म्हटलं तरी चालेल. ती बिघडते गंजाने, आणि चुकीच्या बाजूने घातलेल्या साफसफाईच्या सळईने. सळई तोंडाकडून घालून वर्षानुवर्षं घासली की नळीच्या तोंडाची कड एका बाजूला झिजते आणि नेमबाजीची रायफल शोभेची होते. म्हणून दिवा मागून धरून तोंडाकडून बघायचं: नळीच्या आतल्या वळणदार खाचा शेवटपर्यंत धारदार दिसतात का, कडेला कुठे चमकती सपाट जागा आहे का. इथे कड स्वच्छ होती. मध्यभागी एक पुसटसा काळा डाग होता, तो विक्रेत्यानेच आधी सांगितला. खरं सांगायचं तर त्या एका वाक्याने माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मग बाकीचं. दस्त्याच्या लाकडात, ॲक्शनच्या (बोल्ट बसतो त्या भागाच्या) मागे, केसासारखी चीर असते का. नव्हती. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर आधीच्या मालकाने घरी उद्योग केलेले असतात. एकाची फाटलेली होती. मॅगझिन आहे का, आणि ते मूळचंच आहे का. होतं. मागची साइट फिरवली की दोन्ही दिशांना टिकटिक वाजते का. वाजत होती. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण 513टी साइटशिवाय घेतली तर वेगळी साइट शोधण्यात शंभरावर सहज जातात, आणि मॅगझिन नसेल तर त्याचा शोध वेगळा. स्वस्त मिळालेल्या जुन्या रायफली बहुधा याच कारणाने स्वस्त असतात.

घासाघीस आमच्या स्नेह्यांनी केली. भाजी मंडईतली सवय असलेला माणूस, पण इथे पद्धत निराळी. खोट काढून भाव पाडायचा प्रयत्न केला की म्हातारा गप्प होतो. रोख देणार, कर धरून सगळं मिळून किती, असं विचारलं तेव्हा तो बोलला. 'आउट द डोअर' सहाशे. मान्य.

व्यवहार चालू असतानाच एक जण बाजूने गेला. खांद्याला रायफल, नळीत खोचलेली काडी, काडीला कागदाचा झेंडा, झेंड्यावर लिहिलेलं: मॉसबर्ग 144, 350 रोख. हाही लक्ष्यावर मारायचाच प्रकार, आणि किंमत जवळपास निम्मी. स्नेह्यांची नजर वळलीच. त्याच्याकडून, म्हणजे परवाना नसलेल्या खासगी माणसाकडून, घेणं टेक्सासमध्ये बेकायदा नव्हतं. दोघेही तिथले रहिवासी, स्नेह्यांना बंदूक बाळगण्याची मनाई नाही. पण ती उद्या चोरीची निघाली, तर हातात फक्त तो कागदी झेंडा. इथे एक खुलासा करायला हवा. परवानाधारकाकडून घेतली म्हणजे एफबीआयने बंदूक तपासली, असं लोक समजतात. नीक्सच्या कॉलमध्ये बंदुकीचा क्रमांक जातच नाही. तपासणी माणसाची होते, वस्तूची नाही. फरक पडतो तो वहीमुळे. ही रायफल कुणाकडून आली आणि कुणाला गेली, ते परवानाधारकाला आपल्या नोंदवहीत लिहावंच लागतं. प्रश्न उभा राहिला तर बोट दाखवायला एक पत्ता आणि एक नोंद असते. नागरिकत्वाचा अर्ज पुढे करायचा असलेल्या माणसाने ते अडीचशे डॉलर वाचवू नयेत असं मी म्हणालो, आणि तो विषय तिथे मिटला.

फॉर्म आणि अडथळे

पहिला अडथळा पत्त्याचा. स्नेह्यांनी वर्षभरापूर्वी घर बदललेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता. फॉर्म 4473 ला राहत्या घराचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. विजेचं बिल मोबाइलवर दाखवलं, विक्रेत्याने नकारार्थी मान हलवली. खासगी कंपनीचं बिल चालत नाही. सरकारने दिलेला कागद लागतो, आणि तो पूरक म्हणून चालतो. गाडीची नोंदणी नव्या पत्त्यावर होती. पार्किंगमध्ये जाऊन ती आणली. दुकानात हेच झालं असतं तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणून घरी गेलो असतो. शोमध्ये दुसरा दिवस म्हणजे पुन्हा तिकीट.

दुसरी गोष्ट अडथळा नव्हे, पण आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाची. नागरिकत्वाचा देश आणि परदेशी नागरिकाचा क्रमांक फॉर्मवर विचारतात. ग्रीन कार्ड असेल तर खरेदीला आडकाठी नाही. एच-1बी किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला मात्र केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. मोजके अपवाद आहेत, त्यातला माहितीतला म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. आमच्या सोबत आलेला एक तरुण सहकारी एच-1बीवर होता. 'मला पण एक .22 घेऊन ठेवा, पैसे देतो, कार्ड आलं की माझ्या नावावर करू,' असं तो गमतीत म्हणाला. विक्रेत्याला मराठी येत नव्हतं हे बरं. खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, हा फॉर्मवरचा ठळक प्रश्न, आणि त्याचं खोटं उत्तर हा गंभीर गुन्हा. बंदूक बाळगायची मनाई असलेल्या दुसऱ्या कुणासाठी आपल्या नावे खरेदी करण्याला 2022 च्या कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. शिवाय इमिग्रेशनचं जे व्हायचं ते वेगळंच. असा विनोद टेबलासमोर कुठल्याच भाषेत करू नये.

तिसरा अडथळा खरा निघाला. विक्रेत्याने नीक्सला फोन लावला. बहुतेकांना काही मिनिटांत 'प्रोसीड', म्हणजे मंजुरी, मिळतं. खरेदीदार नागरिक नसेल तर इमिग्रेशन खात्याच्या नोंदींचीही चौकशी होते, आणि तिथे किंवा नावसाधर्म्यामुळे कुठेतरी अडकायला होतं. उत्तर आलं 'डिलेड'. नकार नव्हे, थांबा. शनिवार असल्यामुळे मोजायचे कामाचे तीन दिवस म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार. तोवर एफबीआयकडून काहीच आलं नाही तर गुरुवारी द्यायची की नाही, ते विक्रेत्याच्या मर्जीवर.

गावातल्या दुकानात 'डिलेड' म्हणजे गुरुवारी ऑफिसातून येताना पंधरा मिनिटांचा वळसा. इथे विक्रेत्याचं दुकान अबिलीनला. डॅलसपासून सुमारे एकशे ऐंशी मैल पश्चिमेला. रविवारी संध्याकाळी रायफल त्याच्या गाडीतून अबिलीनला परत जाणार, आणि स्नेह्यांना पैसे देऊन रिकाम्या हाताने घरी.

गन शोच्या टेबलाची खरी किंमत इथे दिसते, आणि ती पाटीवर लिहिलेली नसते. हॉलमध्ये उभं राहून आपण वस्तू निवडतो, पण विकत घेतो ते त्या विक्रेत्याशी नातं. तो किती लांब आहे, फोन उचलतो का, दुकान खरंच आहे की घराच्या गॅरेजमधून चालतं, हे पैसे द्यायच्या आधी विचारायचे प्रश्न. आम्ही ते 'डिलेड' झाल्यावर विचारले. नशिबाने म्हातारा सरळ होता. त्याने पूर्ण रकमेची पावती दिली. नकार आला तर पैसे परत, असं त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि तोडगाही त्यानेच सुचवला. मंजुरी आली की तो रायफल आमच्या उपनगरातल्या परवानाधारकाकडे पाठवेल. पाठवणीचा खर्च चाळीस, निम्मा त्याचा.

सोमवारी दुपारी 'प्रोसीड' आलं. त्याचा उपयोग मात्र झाला नाही, कारण स्थानिक परवानाधारकाकडे नवा फॉर्म आणि नवी तपासणी. तीही 'डिलेड', पण दुसऱ्याच दिवशी सुटली. ट्रान्सफरचे तीस. रायफल हाती आली ती शोनंतर दुसऱ्या आठवड्यात. सोबत कुलूप नव्हतं. परवानाधारकाने सुरक्षा उपकरण देण्याची केंद्रीय सक्ती फक्त हँडगनपुरती (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) आहे. कपाट तयार होतंच.

हिशेब

सहाशे रायफलीचे, वीस पाठवणीतला वाटा, तीस ट्रान्सफर, पंचवीस तिकीट-पार्किंग. एकूण 675. त्याच आठवड्यात ऑनलाइन लिलावात साइट आणि मॅगझिनसह 513टी साधारण सव्वासहाशेच्या आसपास गेली, त्यावर पाठवणी आणि ट्रान्सफर धरून सातशेच्या जवळ. म्हणजे पैशांच्या बाजूने पारडं जवळजवळ बरोबरीचं. तीस डॉलरसाठी कुणी शनिवार घालवू नये.

मिळालं ते नळीत बघायला. ऐंशीएक वर्षं जुन्या वस्तूच्या बाबतीत ते मला तीस डॉलरपेक्षा बरंच जास्त मोलाचं वाटतं. नवी सीझेड घ्यायची असती तर याच सगळ्या उठाठेवीचं उत्तर 'नाही' असंच आलं असतं, कारण कारखान्यातून आलेल्या सीलबंद खोक्यात बघण्यासारखं काय असणार? जुन्या, उत्पादनातून गेलेल्या, हातात घेतल्याशिवाय न कळणाऱ्या बंदुकीसाठी शोमधला परवानाधारक विक्रेता चांगला, पण त्याचं दुकान तासाभराच्या अंतरावर असेल तर. अबिलीनच्या अंतरावर असेल तर माणूस बघून ठरवायचं.

काडतुसांचं थोडक्यात. शोमध्ये .22 च्या पाचशेच्या पेट्या स्वस्त दिसतात, पण लक्ष्यावर मारायला लागतो तो स्टँडर्ड व्हेलॉसिटीचा (बेताच्या वेगाचा) माल, आणि तो तिथे क्वचित आणि महाग. स्नेह्यांनी ती खरेदी गावातल्या दुकानातच ठेवली आहे.

'डिलेड' पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी एफबीआयच्या व्हॉलंटरी अपील फाइलसाठी अर्ज केला आहे. बोटांचे ठसे देऊन एकदा शहानिशा झाली की एक कायमचा ओळखक्रमांक मिळतो, तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा. हे शोच्या आधी केलं असतं तर पन्नास डॉलर आणि आठवडाभराची रुखरुख कदाचित वाचली असती. ग्रीन कार्डावर असलेल्या आणि एकदा अडकलेल्या कुणीही आधी हे करावं, मग तिकीट काढावं.

आता त्यांना 513टीचं जादा मॅगझिन आणि पुढच्या साइटमध्ये बसवायच्या चकत्या हव्या आहेत, आणि डोळा टल्साच्या एप्रिलच्या शोवर आहे. अशा सुट्या भागांना फॉर्म नाही, तपासणी नाही. तिथे दुसरी रायफल आवडलीच तर ओक्लाहोमातल्या परवानाधारकाकडून टेक्सासचा रहिवासी ती घेऊ शकतो, दोन्ही राज्यांचे कायदे पाळून. पिस्तूल मात्र घेता येणार नाही. ते आधी टेक्सासमधल्या परवानाधारकाकडे पाठवावं लागेल, आणि पाठवणीचे आणि ट्रान्सफरचे पैसे पुन्हा एकदा मोजावे लागतील.